दातांत धरलेली तार

मी, श्रीमती मालन महिपत रहाटे, वय एकसष्ट, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवीत आहे. हात चालत नाही म्हणून भाचा विनीत लिहितो आहे. डोके शाबूत आहे. ते मुद्दाम डॉक्टरांकडून तपासून घेतले, कारण माझे दीर शिवा गावभर सांगत फिरतात, "वयनीच्या डोक्यात शिसं गेलाय, तिचा लिवलेला कोन धरनार?" शिसे रक्तात गेले आहे, भावोजी. डोके अजून माझेच आहे.

१. दुकान, हत्यारे आणि वरची खोली मुलगी सौ. नम्रता हिला द्यावी. मात्र एका अटीवर, ती खाली सांगते.

२. संगमेश्वरच्या घरातला माझा हिस्साही तिलाच. भावोजींना माझा जुना टीव्ही. त्याचे डाख, म्हणजे तारा जोडणारे सांधे, शिशाचे आहेत, घेतल्यापासून एकदाही उघडावा लागला नाही. बघताना माझी आठवण राहील.

३. आता अट. डाख देताना एका हातात डाखाची तापलेली गन, दुसऱ्यात चिमटा, म्हणून सोल्डरची शिसे असलेली तार दातांत धरायची, हे मी यजमानांकडून शिकले आणि नम्रता माझ्याकडून. यजमान पोटाच्या कळांनी गेले. सगळे पित्त म्हणाले. माझे मनगट लोंबू लागले तेव्हा डॉ. भार्गवी लिमये यांनी रक्त तपासले, आणि दोघांचे दुखणे शिशाचे हे कळले. नम्रताला सातवा महिना आहे. आईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत जाते. मला दुसरी कसलीच भीती उरलेली नाही.

नव्या सेटांत शिसे नको असा नियम आला तेव्हा मी नियम करणाऱ्यांना पोटभर शिव्या घातल्या. त्या मागे घेत नाही. माझ्या टेबलावर आलेले बिनशिशाचे डाख तापून-निवून तडकलेले असत, आणि लोक धड सेट भंगारात घालत. तरीही दुकानातली शिशाची रिळे नम्रताने वापरायची नाहीत. विनीतने ती स्वतः ई-कचऱ्यात नेऊन द्यावीत. हर्णेच्या कुणा कोळ्याने जाळ्याला वजन म्हणून मागितली तरी देऊ नयेत. आणि यापुढे कुठलीच तार दातांत धरायची नाही. लाकडी ठोकळ्यावर कपड्यांचा चिमटा ठोकून मी तार धरायची सोय करून ठेवली आहे, तो ठोकळा तिचा. अट मोडली तर विनीतने दुकान बंद करावे.

हे ऐकून नम्रता रडली. म्हणाली, "आये, माजा डाख सुटला तर गिराईक तुजा नाव घालवतील."

घालवू देत. सुटलेला डाख पुन्हा देता येतो.

सही करता येत नाही. डॉक्टरांनी मनगट उचलून धरले, तेव्हा अंगठा उमटला.

निशाणी डावा अंगठा: श्रीमती मालन महिपत रहाटे

वरील मजकूर बाईंना वाचून दाखवला, तो त्यांनी कबूल केला व आमच्यासमोर अंगठा केला.
साक्षीदार: डॉ. भार्गवी लिमये (सही)
यज्ञेश पेठे, शेजारचे दुकानदार (सही)

रत्नागिरी, ११ नोव्हेंबर २०२४