वर्तुळ कुठे काढायचं

ताइपेई, १२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? मी पाठवलेला पट्टा बांधून गिऱ्हाइकांचे केस धुतेस, की तो खुर्चीला अडकवून ठेवलायस? खुर्चीलाच असणार.

माझं बरं चाललंय. मानवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आले, तरी गावी गेलं की शेजारचे लिन काका अजून विचारतात, "मानवशास्त्र म्हणजे काय गं? काय झालंय माणसांना?" बाबा लोकांना परस्पर सांगून मोकळे होतात, की पोरगी संग्रहालयात लागणार आहे. एकटी तूच दुकानात बिनधास्त सांगायचीस, "ती माणसं बघायला शिकते. मी तीस वर्षं तेच करतेय, फक्त हातात कात्री असते."

तुझा डबा माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलाय. प्रदर्शनाच्या दिवशी तू तो टेबलावर ठेवून निघून गेलीस. सोया सॉसमधली अंडी आम्ही चौघींनी मिळून खाल्ली. मला फार गेली नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते. तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस. दुकानात फोन केला की तुझी मदतनीस म्हणते, "बाईंच्या हाताला रंग लागलाय." आत्या, अख्ख्या ताइनानमध्ये इतके केस कुणी रंगवत नाही.

तू का गेलीस ते मला माहीत आहे. मी तुझ्या मागेच उभी होते.

आमच्या वर्गाने आपापल्या घराण्याचे तक्ते काढून भिंतीवर लावले होते. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, मधे नात्याच्या रेघा. तू चष्मा काढून पुसलास आणि आजी-आजोबांपासून बोटाने खाली येत गेलीस. बाबांचा त्रिकोण सापडला. मग तुझं बोट शेजारी सरकलं, आणि तिथे कोरा कागद होता. तू बोट तिथेच ठेवून थोडा वेळ उभी राहिलीस. आणि मी? मी चहाचे कागदी पेले सरळ करत बसले, जसं काही त्यांचंच प्रदर्शन होतं.

प्राध्यापक वेई यांनी आधीच बजावलं होतं, "माणसांना विचारून काढा, वही बघून नाही." मी आळस केला. आजीच्या देवघरातली वंशावळीची वही समोर घेतली आणि तासाभरात तक्ता उतरवून काढला. त्या वहीत मुलींची नावं नसतात हे मला ठाऊक होतं. त्या नवऱ्याच्या घरच्या वहीत जातात. तू लग्न केलं नाहीस, म्हणून तू कुठल्याच वहीत नाहीस. वर्षभर मी हेच शिकतेय, की घराणी कुणाला लिहितात आणि कुणाला गाळतात. आणि स्वतःच्या घरचा तक्ता काढताना मी तुलाच गाळलं. आईबाबा व्हिएतनामला बुटांच्या कारखान्यात होते, तेव्हा ज्या बाईने मला सहाव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत वाढवलं, तिला. मला फार लाज वाटते, आत्या.

गेल्या रविवारी मी गावी गेले आणि आजीला म्हटलं, आत्याचं नाव वहीत लिहायचं. आजी म्हणाली, "माझी ना नाही. पण पूर्वजांना विचारायला हवं." म्हणजे कौल लावणं आलं. कौलासाठी टाकायच्या दोन लाकडी चंद्रकोरी निघाल्या, मोसंबी मांडली, उदबत्त्या लागल्या. सलग तीनदा एक कोर पालथी आणि एक उताणी पडली तरच होकार, ही आजीचीच अट.

पहिल्यांदा दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे पूर्वज हसले. आजी भडकली. "हसायला काय झालं? सरळ प्रश्न विचारलाय." दुसऱ्यांदा दोन्ही पालथ्या, म्हणजे साफ नकार. मग ती देवघरातल्या आजोबांच्या नावाच्या पाटीकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही तरी बोला. मरेपर्यंत दर महिन्याला पोरीने तुमचे केस कापले. एकदा तरी कान कापला का? बरं, भाजलेलं बदक ठेवते. आता बघा." लगेच होकार. मी टिपणवहीत भराभर लिहीत होते, तर मला म्हणाली, "हे नको लिहूस. तुझ्या सरांना वाटेल मी लाच देते."

दुसरा होकारही आला. तिसऱ्या वेळी कोर घरंगळत टेबलाखाली गेली. आजी वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली आणि वर येऊन म्हणाली, "होकार आहे." बाबा दारात उभे होते. एरवी ते अशा गोष्टींत पडत नाहीत. ते आत गेले, आजोबांचा कुंचला घेऊन आले आणि स्वतःच्या नावाशेजारी त्यांनी तुझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "ताईचं नाव माझ्या आधी यायला हवं होतं. थोरली आहे ती." पण तिकडे जागा नव्हती.

सोबत नवा तक्ता पाठवतेय. यात तू आधी आहेस, बाबा नंतर. चुकलं असेल तर सांग. रागव, पण फोन उचल आणि नववर्षाला घरी ये.

तुझी भाची,
यूचिंग


ताइनान, २० नोव्हेंबर

यूचिंग,

पत्र मिळालं. हाताला रंग खरंच लागला होता. पहिल्या दिवशी.

तिसरी कोर आजीने पायाने उलटवली. लहानपणी मी टेबलाखाली लपून बसायचे, मला तिच्या सगळ्या युक्त्या पाठ आहेत. सरांना सांगू नकोस. तुझे आजोबा बदकाला भुलले हे मात्र खरं मानते, जिवंतपणीही ते तसेच होते.

मला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं. वहीत नाव नाही याची मला सवय आहे, पण तुझ्या हातच्या कागदावर नाही म्हटल्यावर बसमध्ये डोळे पुसावे लागले. आता तुझी लाज पुरे, आणि माझं रुसणंही पुरे.

तक्ता बघितला. अजून चुकलेला आहे. तुझ्या आईबाबांपासून तुझ्यापर्यंत रेघ येते, ती बरोबर. पण माझ्या वर्तुळाखाली काहीच नाही. दुकानाच्या माळ्यावर सात वर्षं माझ्या कुशीत कोण झोपत होतं? तुझ्या सरांना विचार, अशी रेघ चालते का. चालते म्हणाले तर सरळ काढ. नाही म्हणाले तर तुटक काढ, पण माझ्यापासून तुझ्यापर्यंत ओढ.

नववर्षाला येते. डबा आण. तुझे केस डोळ्यांवर आलेत, मी प्रदर्शनात पाहिलं होतं. कात्री घेऊन येईन. तक्ता नीट करून दे, दुकानातल्या आरशाशेजारी खिळा ठोकून ठेवलाय.

तुझी, आता कागदोपत्रीही,
आत्या