गाडीच्या तंबूत खडीच घाल

सूनबाई,

अंगणात गाडी ठेवायला उभारलेल्या नव्या तंबूत खाली काय घालायचं, ते विचारायला दुपारी गवंडी येईल. त्याला खडी सांग. रबरी मॅट नको, कितीही चांगली असली तरी. तुझा नवरा चिडला, तर म्हण, म्हातारीला खूळ लागलंय.

काल तुझे सासरे तंबूची चेन आतून लावून गाडीत बसले होते, आणि इंजिन चालू. आत धूर कोंडला होता. मी ओढून बाहेर काढलं, तर म्हणाले, "अगं, सोड, कामावर उशीर होतोय." निवृत्त होऊन युग लोटलं!

मॅटवर पाऊल वाजत नाही. खडीवर मांजर चाललं तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येईल. किल्ली मी लपवली आहे, पण त्यांना ठेवलेलं सापडत नाही, लपवलेलं बरोबर सापडतं.

त्यांना न्हाव्याकडे नेते आहे. आम्ही यायच्या आत खडीचं ठरवून टाक.

वाचून झालं की चिठ्ठी फाड. मला अक्षरं त्यांनीच शिकवली. बाकी सगळं विसरले, तरी माझं लिहिलेलं अजून एका नजरेत वाचतात.

आई