वन्संचं बाळंतपण

१६ नोव्हेंबर १९९६

आल्या! जीपनं आल्या. मागच्या सीटवर गादी टाकलेली, दोन्ही बाजूंना उशा, पायाशी घडी घातलेलं घोंगडं. दाजी पुढं ड्रायव्हरशेजारी. नीट उतरलेसुद्धा नाहीत — चहा उभ्यानंच घेतला आणि गेले. आत्याबाई लेकीवरून दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतायत, पाणी डोळ्याला लावतायत. "माझी सारजा आली गं माझी!"

सातवा महिना वन्संना, सातवा मला. मी तेव्हा हौदावर गोधड्या धूत होते. माझ्यावरून काही कुणी तुकडा ओवाळला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. वन्संचं माहेर हेच. माझं माहेर आई गेली तेव्हाच संपलं. वहिनीनं निरोप पाठवलाय — "घर लहान हाय आमचं, तितंच बघा." म्हणून एका घरात दोन पोटं. एक लाडाचं, एक कामाचं.

१९ नोव्हेंबर

दाजींनी जीप पाठवली. स्वतः आले नाहीत, नुसता ड्रायव्हर. आत्याबाई आणि वन्सं बारामतीला जाऊन आल्या — मोठ्या खासगी दवाखान्यात. आल्यावर फोटो फिरला घरभर. पोटातला फोटो! काळ्या कागदावर पांढरं धुकं. सासऱ्यांनी, आबाजींनी, चष्मा लावून उलटा-सुलटा बघितला. आत्याबाई म्हणतात, "हे बघ डोकं. ह्यो हात. कसा मुठी वळून बसलाय!"

मला तर ढगच दिसला. तरी बघत राहिले. माझं बाळ कसं बसलंय ते कुणाला माहीत?

तितं भिंतीला गुळगुळीत फरशी हाय म्हणे, पंखा हाय, डॉक्टरीणबाई "बसा सारजाताई" म्हणतात. ताई!

मी भाकऱ्या थापल्या. एक करपली. मुद्दाम नाही. पण वन्संच्या ताटात तीच वाढली.

२६ नोव्हेंबर

आज माझी तपासणी. इंदापूर, सरकारी. यांची उसाला पाणी द्यायची पाळी आलेली, म्हणून एकटीच गेले, एसटीनं. उभ्यानं. कंडक्टर ओरडल्यावर एका बाप्यानं जागा दिली, तीही टायरवरची.

दवाखान्यात बाकडं एकच. बाकीच्या बायका भिंतीला टेकून खाली. कुणी पाण्याची बाटली आणलेली, कुणी चटणी-भाकरी. सिस्टर नावानं हाका मारत नाहीत, गावानं मारतात. "ए कळंब! ये पुढं! झोप. गाठ सोड. लाजती काय? हितं लाजायला सवड कुणाला हाय?" पडदा नाही, नुसतं कपाट आडवं लावलंय. टेबलाचं रेक्झिन फाटलेलं, काथ्या पाठीला टोचत होता. दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं. नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडतो का ते बघायला. लघवीची बाटली दिव्यावर तापवली. "निवळ हाय. चांगलं."

मग मला घेरी आली. सिस्टर म्हणाल्या, "पड जरा तितं." खाटेवर आधीच एक बाळंतीण. तिच्या पायाशी माझं डोकं, माझ्या पायाशी तिचं. तिचं बाळ मधी. ती बिचारी हसली. मला रडू आलं. आमच्या वन्संना दोन उशा, आणि मला ही अर्धी खाट.

निघताना सिस्टरनं सगळ्यांना दम भरला — "तोंड सुजलं, डोकं फुटायला लागलं, डोळ्यापुढं काजवे चमकले, तर घरात लेप लावत बसू नका. तडक हितं यायचं. झटका आला तर आई बी जाती आन् पोर बी." गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिल्या.

घरी आले तर वन्सं विचारतात, "पंखा होता का गं वहिनी तितं?"

म्हटलं — होता की. दोन होते!

४ डिसेंबर

वन्संचं डोहाळजेवण. शेवंतीचे दागिने, झोपाळा, हिरवा शालू. गल्लीतल्या सगळ्या बायका. पिंपळीहून, वन्संच्या सासरहून, कुणी आलं नाही. आत्याबाई सांगत होत्या, "कारखाना सुरू झालाय. उसाच्या तोडी चालल्यात. त्यास्नी सवड कुठली?"

माझीही ओटी भरली त्यातच. उरलेल्या खणानं. एक बाई म्हणाली, "हिचं बी उरकून घ्या." उरकून!

फुलं काढून ठेवताना वन्सं झोपाळ्यावर एकट्याच बसून होत्या. रस्त्याकडं बघत. एवढं सगळं करूनही तोंड पाडून बसायचं! मला दिलं असतं हे सगळं तर मी आठवडाभर उतरले नसते झोपाळ्यावरून.

१२ डिसेंबर

जीप आली नाही. बारामती चुकली. आत्याबाई म्हणाल्या, फुडच्या आठवड्यात येईल.

सांगू? बरं वाटलं मला.

२३ डिसेंबर

आजही नाही आली. यांनी म्हटलं, "मी नेतो एसटीनं." आत्याबाई उसळल्या — "तिच्या घरची जीप आस्ताना माझी लेक यष्टीत धक्कं खाईल व्हय?" मी चुलीपुढंच होते. सून खाते ते धक्के दिसत नाहीत.

वन्संच्या तोंडावर गोलाई आलीय. गाल कसे भरलेत! आत्याबाई म्हणतात तेज चढलंय पोरीला. डिंकाचे लाडू, तूप, खारीक. माझी हनुवटी टोकदार झालीय नुसती. वन्संच्या बोटातली अंगठी निघेना, साबण लावून काढली. आत्याबाई हसल्या, "बाळसं आईलाच आलंय."

मी त्यांच्या पावलांकडं बघितलं. चपलेचा पट्टा रुतून वळ उठलेला.

२ जानेवारी १९९७

वन्संचं डोकं दुखतंय सकाळपासून. सगळं घर त्यांच्याभोवती. सुंठ उगाळ, पाणी तापव, दार लोट, आवाज करू नकोस. माझी कंबर मोडून आली तरी बस म्हणायला कुणी नाही.

दुपारी लेप द्यायला गेले. डोळे मिटूनच म्हणाल्या, "वहिनी, डोळ्याफुडं काजवं चमकत्यात गं."

ऐकलं मी. सिस्टरचं बोलणंही आठवलं, शब्द न् शब्द. आणि वाटलं — मी सांगितलं तर काय होईल? अजून धावपळ. अजून लाड. जीप, बारामती, पंखा, ताई. मला पायाला गोळे येतात तेव्हा कुणाला सांगते मी?

लेप लावला. आमटी टाकायला गेले.

उद्या सांगेन.

५ जानेवारी

इंदापुरात, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय.

परवा सकाळी वन्सं पाण्याचा तांब्या घ्यायला गेल्या आणि हात भलतीकडंच गेला. तांब्या दिसेना त्यांना! "आई, अंधार का केलाय?" सूर्य वर आलेला. मी ओरडलेच, "आत्याबाई, आत्ताच्या आत्ता दवाखाना! सिस्टरनं सांगितलंय, झटका येतो!"

आत्याबाई म्हणाल्या, "बारामतीला निरोप धाडा, पिंपळीला फोन लावा."

मी म्हटलं, "कुणाची वाट बघू नका. इंदापूर!" आयुष्यात पहिल्यांदा आत्याबाईंपुढं आवाज चढवला.

हे रस्त्यावर धावले. दुधाचा टेम्पो अडवला. कॅन सरकवून गोधडी टाकली. वन्संचं डोकं माझ्या मांडीवर. मांडी कसली, पोटाखाली जेवढी उरली तेवढीच. सारखी म्हणत होते, वन्सं, माझा हात दाबा. दाबत होत्या. मग दाबेनाशा झाल्या.

दवाखान्याच्या दारातच झटका आला. दात घट्ट, डोळे वर, अंग धनुष्यासारखं. सिस्टरनं एका नजरेत ओळखलं. "एका अंगावर वळवा! जीभ सांभाळा! डॉक्टरांना बोलवा!" मला बाजूला ढकललं, तेव्हा केवढा जोर होता त्या हातात. इंजेक्शनं, सलाईन. आत्याबाई जमिनीवर बसून राहिल्या, पदर तोंडात कोंबून.

दुपारी बाळ झालं. मुलगा. लहानसा, निळसर. पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा मांजरागत रडला. सरुबाई — तिथली आया — बाहेर येऊन म्हणाली, "दोघं बी हायेत."

कालचा दिवस वन्संना शुद्ध नव्हती. आज डोळे उघडले. आता धूसर दिसतंय. डॉक्टर म्हणाले, येईल नजर. सिस्टर म्हणाल्या, "आदल्या दिवशी आणली असती तर एवढं झालंच नसतं. डोकं कधीपासून दुखत होतं?"

आत्याबाई म्हणाल्या, "आदल्याच दिवशी सुरू झालं बाई."

मी खाली बघितलं.

९ जानेवारी

पिंपळीला निरोप गेला तीनदा. पेढे नाहीत, माणूस नाही. आत्याबाई अजून कारखान्याचंच सांगतात.

वन्संना दूध उतरलं नाही. बाळाला कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजतात. निम्मं मानेवर ओघळतं.

२० जानेवारी

मुलगा झाला! मलाही! काल. त्याच टेबलावर, त्याच काथ्यावर. सिस्टर ओरडत होत्या, "कळंब, रडू नको, जोर लाव!" आणि दुसऱ्या हातानं माझं कपाळ पुसत होत्या. हे दाराबाहेर उभे होते. यांनी बाळाची मूठ उघडून बोटं मोजली. आबाजींनी गावात साखर वाटली म्हणे.

आत्याबाई आल्या. वाटलं, आता तरी माझ्यावरून ओवाळतील काहीतरी. नातवाला बघितलं, हसल्या, आणि वन्संचं बाळ माझ्या कुशीत दिलं — "तुला दूध हाय. ह्याला आदी पाज. ह्यो अशक्त हाय."

आदी! माझं पोर बाजूला रडतंय, आणि आदी त्यांचं. पाजलं. दात-ओठ खाऊन पाजलं. तो कसा पितो — थोडं पितो, दमतो, परत पितो. बोटानं माझा पदर धरून ठेवतो.

२८ जानेवारी

घरी आलोय. दुपारी दोघी शेकशेगडीजवळ होतो, पोरं झोपलेली. आत्याबाई रानात. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "वन्सं, तुम्ही काजवे म्हणालात ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

वाटलं झिंज्या धरतील. त्यांनी शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाल्या,

"मला न्ह्यायला कुणी येणार न्हाय, वहिनी. त्यांनी घरात दुसरी आणून ठिवलीया. दसऱ्यालाच. जीप मला सोडाय आली ती कायमचीच; फुडं बारामतीला येकदा धाडली ती नुसती दाखवायला. आईला ठाव हाय. दादाला, आबास्नी न्हाय."

ते डोहाळजेवण, ते फोटो, त्या उशा…

"आईनं समदं वरवर थाटात केलं. लोकास्नी कळू ने म्हणून. आन् तू माझ्याकडं बघायचीस ना, जळून? कळायचं मला. बरं वाटायचं. म्हणायची, कुणाला तरी वाटतंय, सारजाचं चांगलं चाललंय."

"पर त्या दिशी बोलायचं हुतंस गं," एवढंच म्हणाल्या. मग रडलो. कोण कुणासाठी, देव जाणे.

१४ फेब्रुवारी

दोघांना पाजून पाजून मी निम्मी झाले. आत्याबाईंनी आज अळिवाचा मोठा लाडू वन्संना दिला, लहान मला. एवढं सगळं कळूनही जीव जळला. माझा स्वभावच मेला तसा. पण वन्सं उठल्या, दोन्ही लाडू मोडले, कालवले आणि निम्मे-निम्मे केले.

वन्संची नजर साफ आली. त्यांचं पोरगं आता भरलंय. माझ्या पोरापेक्षा दोन आठवड्यांनी मोठं, पण अंगानं दोघं सारखेच. बाहेरचा माणूस फसतो.

६ मार्च

पिंपळीहून माणसं आली. दाजी मोहनराव, त्यांचे थोरले भाऊ, दोन बायका. पाणीसुद्धा घेतलं नाही. थोरले म्हणाले, "पोरगं आमच्या घराण्याचं हाय. आज न्हेतो. सारजाचं मागनं बघू." आत्याबाईंनी खांब धरला. वन्सं चौकटीत, पांढऱ्याफटक.

मी आतून तशीच बाहेर आले. दोन्ही पोरं माझ्यापाशी, दोघांना सारखीच टोपडी. दाजींच्या पुढ्यात बसले. दोघांना मांडीवर घेतलं.

म्हटलं, "दाजी, यातलं तुमचं कोणतं? वळखा आन् न्ह्या."

त्यांनी एकाकडं बघितलं. मग दुसऱ्याकडं. मग भावाकडं. बायकांनी मान वाकडी करून बघितलं, त्यांनाही ओळखता येईना. आबाजी हळूच उठले आणि दाजींच्या चपला दाराकडं तोंड करून ठेवल्या.

गेले. रिकाम्या हातांनी.

वन्सं धावत आल्या, मांडीवरचं एक उचललं, छातीशी आवळलं, मुके घेतले. ते माझं होतं. धरू दिलं.