काश्यप गोत्राच्या शेळ्या

ठाकूरद्वार, गुरुवार

ती. नलूताईस वसंताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर कळव, आमच्या नाक्यावर मिळतं. (फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र.) पत्रास कारण तुझी नात. मनवा माझ्याशी बोलत नाही. गेले सहा शनिवार ती दादरहून इकडे फिरकलेली नाही. तिची बाजू तू ऐकली असशीलच, आता माझी ऐक.

तिनं मला मोबाइलवर एक खेळ लावून दिला होता. त्यात शेळ्या पाळायच्या. शेळ्या खोट्या, पण चारा वेळेवर द्यावा लागतो. बोकडाचं आणि शेळीचं जमवलं की करडू होतं, आणि आईबापांच्या अंगात काय दडलंय त्यावर करडाचा रंग ठरतो. आमचा गोठा दोघांच्या नावावर, त्यामुळे जोडी लावायची तर एकानं अर्ज टाकायचा, दुसऱ्यानं मंजूर करायचा. एकतीस वर्षं कचेरीत हेच केल्यामुळे मला खेळ लगेच जमला. अडलं फक्त गोत्राशी. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं आपल्याकडे धरतात. आणि बाजारातून आणलेल्या शेळीला गोत्र कुठून असणार? त्या न्यायानं सगळा गोठा काश्यप होऊन बसला आणि कोणाचं कोणाशी जमेना. शेवटी मीच विकत आणलेल्या प्रत्येकीला वेगळं गोत्र लावून दिलं. वहीत नोंद आहे. (हसू नकोस. तुझी पत्रिका अण्णांनी सात ठिकाणी दाखवली होती.)

मनवाला हवं होतं निळं करडू. निळा रंग म्हणे दडून राहतो, दोन्हीकडून आला तरच दिसतो. आमच्या गोठ्यात तो होता फक्त रघु नावाच्या बोकडात आणि शेवंती नावाच्या शेळीत. आणि ही सख्खी भावंडं! तिनं अर्ज टाकला, मी नामंजूर केला. नऊ वेळा. मग इथे येऊन म्हणाली, "आजोबा, बकऱ्या आहेत त्या! त्यांना काय कळतंय?" मी म्हटलं, त्यांना नसेल, आपल्याला कळतंय ना. वर मध्यममार्ग काढला: आपल्या देशस्थांत मामाची मुलगी चालते, तेव्हा रघुला त्याच्या मामाची मुलगी करू. केली. तीन करडं झाली, तिन्ही तपकिरी. मनवानं माझा नंबर ब्लॉक केला आणि चपला घालून चालती झाली.

मग मी मार्ग शोधला. खेळवाल्या कंपनीला नवं 'म्यूटेशन' सुचवता येतं. म्यूटेशन म्हणजे घराण्यात कुठेही नसलेलं लक्षण अचानक उपटणं, आपल्याकडे तुझा आवाज आहे तसं. मी सुचवलं की निळा रंग एकाच पालकाकडून यावा, पण आईबापांच्या तीन पिढ्यांत सामाईक पूर्वज नसेल तरच दिसावा. म्हणजे मनवाला करडू मिळेल आणि माझी वही शाबूत राहील. सोबत वंशावळ आणि चार परिशिष्टं जोडली. कंपनीतल्या अपेक्षा नावाच्या बाईंचं उत्तर आलं की कल्पना छान आहे, पण दुसऱ्या एका खेळाडूचं अनुमोदन हवं. आता माझ्या ओळखीत असा दुसरा कोण? वाडीच्या सभेत आमचा शेजारी रघुवीर कशालाही अनुमोदन देतो, पण त्याचा फोन बटणांचा.

तेव्हा मनवाला सांग, एवढं अनुमोदन दे. बोलायलाच हवं असं नाही.

तुझा,
वसंत

ता. क. तुझी लोणच्याची बरणी रिकामी झाली आहे. न्यायला मनवाला पाठवलंस तरी चालेल.

आणखी ता. क. अनुमोदनाचं राहू दे. वर एक लिहिलं नाही. त्या दिवशी जाताना, बहुधा जिन्यातूनच, तिनं दहावा अर्ज टाकला होता. सहा आठवडे मी त्याला हातच लावला नव्हता. आत्ता पाकीट बंद करण्याआधी मंजूर केला. (आधी देवाला नमस्कार करून आलो.) करडू तपकिरीच झालं. चारांत एखादंच निळं निघतं म्हणे, म्हणजे पुन्हा लावायला हवं, आणि तो अर्ज तिनंच टाकायचा आहे. ताई, मला निळ्याचं काही पडलेलं नाही गं, शनिवारी घर खायला उठतं. पोरीला पाठव. मी गोत्र विचारणार नाही.