सोमवारचं तिकीट

माद्रिद, १२ फेब्रुवारी

प्रिय चिमो,

अनेक आशीर्वाद. मारिबेलला आणि पोरांना माझे पापे. इकडे सगळं ठीक, फक्त थंडीनं हाडं कुरकुरताहेत. तुमच्या व्हॅलेन्सियात अंगणभर ऊन असेल, खा मजेत.

तू पाठवलेलं रेल्वेचं तिकीट मिळालं. एवढी तत्परता जन्मात पहिल्यांदाच दाखवलीस! फोनवर काही विचारलं की 'ताई, बोगदा आला' म्हणून तू ठेवून देतोस. ऑफिसात खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोगदा कुठून लागतो रे? म्हणून हे पत्र.

'आतोचा स्टेशनवर बस' असं लिहिलंयस. ही गाडी चामार्तिनहून सुटते, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण ते जाऊ दे. मी येते म्हटलं होतं रविवारी. रविवारी दुपारी बाबा अंगणात संत्र्याच्या लाकडांवर कढईभर पाएयाचा भात रांधतात, हे तुला मी सांगायचं? आणि तू तिकीट काढलंस सोमवारचं! सकाळी या, दुपारी चारच्या गाडीनं चालू लागा. वर शहाजोगपणे चिठ्ठी, 'दोन तासांचा तर प्रवास, मुक्कामाची दगदग कशाला?' पूर्वी गाडीला दिवस लागायचा तेव्हा आत्या येऊन महिनाभर राहायची. गाड्या वेगात धावायला लागल्या म्हणून माणसांनी दारातूनच परत फिरायचं का?

आधी वाटलं, मारिबेलच्या माहेरची मंडळी येणार असतील. मग शेजारच्या पेपिकामावशीला फोन लावला. ती म्हणाली, "सोमवारी? अगं, सोमवारी तुझे बाबा दिवसभर त्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात असतात. पाचला आणून सोडतात."

म्हणजे मी यायचं, तुझ्याबरोबर कॉफी प्यायची आणि बाबा घरी यायच्या आत पसार व्हायचं. वा रे वा! मी काय दूधखुळी आहे?

तू काय लपवतोयस ते मला ठाऊक आहे, चिमो. गेल्या महिन्यात तू बाहेर होतास तेव्हा बाबांनीच फोन उचलला. तुला बोलले नाही.

"बाबा, मी फिना."

"फिना शाळेत गेलीय, बाई. संध्याकाळी करा फोन. तुम्ही कुठून बोलताय?"

"माद्रिदहून."

"अरे देवा! तिकडचे लोक पाएयात कांदा घालतात म्हणे. खरं की काय?"

"घालतात हो. काय सांगायचं!"

इतके हसले, चिमो, इतके हसले! जन्मभर 'ए फिने' म्हणून हाक मारणारा माणूस मला अहोजाहो करत होता. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी पोटभर रडले.

मावशीकडून आणखी एक कळलं. मारिबेल म्हणे त्यांना वेगळ्या ताटलीत वाढते. बाबांना! आपल्या घरात ताटली? सगळ्यांनी कढईभोवती बसायचं आणि आपापल्या समोरचंच खायचं. दुसऱ्याच्या हद्दीत चमचा गेला की तेच आपल्या बोटांवर चमचा हाणायचे. आता त्यांनाच हद्द आठवत नाही, म्हणून त्यांना पंगतीबाहेर काढलंत होय? अरे, जाऊ दे की त्यांचा चमचा माझ्या भातात! मला त्यांच्या शेजारी बसव.

'तुला त्रास होईल, ताई,' म्हणशील. होईलच. माझा बाप आहे, मग त्रास काय पेपिकामावशीला व्हायचा? तू रोज किती सोसतोस ते मला दिसतं. त्याबद्दल तुझ्यापुढे हात जोडते. पण माझ्या वाटचं दुःख परस्पर उचलून ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

तिकीट मी बदललंय. शनिवारी येते, चांगली आठवडाभर राहते. गोडाचं मी आणीन, रिकाम्या हातानं भाताला येऊ नये. 'फिना आलीय' असं त्यांना सांगू नकोस, उगीच गोंधळतील, ओशाळतील. माद्रिदहून पाहुणी आलीय एवढंच सांग.

आणि त्यांनी विचारलंच, 'बाई, तुमचे वडील कुठे असतात?' तर मी सांगेन, इथलेच आहेत. फार छान पाएया रांधतात.

तुझ्यावर चिडलेली,
तुझीच ताई,
फिना