पहाडाची स्तुती

तीर्थस्वरूप नोबुहारु दाजी यांना मेहुणा तेइजीचा कमरेतून वाकून नमस्कार.

समुद्रावरचा वारा आता गालाला झोंबायला लागला आहे. तुमच्याकडची संत्री उतरून झाली असतील आणि तुमची पाठही नेहमीप्रमाणे धरली असेल. ताईचे गुडघे कसे आहेत? (फोनवर तिने माझ्या बायकोला ‘उत्तम’ असं सांगितलं, म्हणजे नक्कीच दुखत असणार.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. ती पाळून झाली, आता खरं लिहितो.

नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या माझ्या खेळघरात तुम्ही एकदाच आलात आणि कानांवर हात ठेवून बाहेर पडलात, त्यामुळे मागचा कोपरा तुम्ही पाहिलेला नाही. तिथे बंद खोक्यांसारखी तीन आसनं आहेत. आत बसून एकेकाने एकेक अवाढव्य यंत्रमानव चालवायचा आणि तिघांचं पथक करून पडद्यावरच्या शत्रूशी लढायचं. एक यंत्रमानव चपळ, एक लांबून नेम धरणारा आणि तिसरा पहाड. पहाडाने फक्त पुढे उभं राहून मार खायचा. हा खेळ खेळायला माझ्याकडे कायमचं एक पथक येतं. नेम धरणारी बाई दातांच्या दवाखान्यातली असावी (अंगाला लवंगतेलाचा वास येतो). खेळात तिचं नाव ‘दुपारची झोप’. चपळ यंत्रमानव चालवतो तो टाय लावणारा कारकून, त्याचं नाव ‘ओला मोजा’. आणि पहाडात बसतात ते एक निवृत्त गृहस्थ, ‘मुळ्याचं लोणचं’. खरी नावं मला माहीत नाहीत, त्यांनाही एकमेकांची माहीत नाहीत. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून लढले, पण नाव-गाव विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या चटईवर बूट घालून चढणं, असंच ही मंडळी मानतात.

माझं सगळं आयुष्य कानांवर उभं राहिलं, हे तुम्हांला ठाऊक आहेच. रस्त्यावर रामेन शेवयांची गाडी लावत होतो तेव्हा गिऱ्हाईक तोंडावर ‘छान झालं’ म्हणायचं आणि चार पावलं पुढे जाऊन रस्सा खारट असल्याचं बायकोला सांगायचं. मी ती चार पावलं ऐकायला शिकलो, म्हणून गाडीचं दुकान झालं आणि दुकानाचं खेळघर. तर ही तिघं डाव संपला की थंड पेयांच्या यंत्रापाशी उभी राहतात, आणि मी तिथे बाटल्या भरण्याच्या निमित्ताने कान लावतो. दाजी, तीन वर्षांत त्यांच्या तोंडून त्या खेळाबद्दल एक बरा शब्द मी ऐकला नाही. पहाड वळायला लागला की शत्रू घरी जाऊन जेवून परत येतो. त्याची तोफ म्हणजे जत्रेतला सादळलेला फटाका. नेम धरणारीची दुर्बीण कुणा मोतीबिंदूवाल्याने बसवली आहे. कंपनीने खेळ सुधारला की कारकून म्हणायचा, “पुन्हा बिघडवला, मेल्यांनी.” दवाखान्यातली बाई म्हणायची, “हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचे दात माझ्याकडे यायला हवेत.” आणि लोणचेबुवा सावकाश पेय संपवून म्हणायचे, “आमच्या बोटीपेक्षाही पहाड हळू आहे. आणि आमची बोट बांधून ठेवलेली असते.” मग तिघंही पुन्हा आत जाऊन बसायची.

मी गाडीवर वाढलेला माणूस. तीन वर्षं कुणी रस्सा खारट म्हणत असेल तर मी पातेलंच बदलणार. शरदात एक दलाल आला आणि म्हणाला, ही तीन जुनी धुडं मोडीत द्या, त्या जागी चिमट्याने बाहुल्या उचलायची यंत्रं लावतो. मी हो म्हटलं. वर मनात म्हटलं, बिचारी सुटली. ‘महिनाअखेर हा खेळ निरोप घेत आहे’ अशी पाटी मी स्वतः सुबक अक्षरांत रंगवली (कोपऱ्यात एक फूलही काढलं, आता आठवलं की कान तापतात).

तिघांनी पाटी वाचली. मग कारकून म्हणाला, “फार चांगला खेळ होता.” बाई म्हणाली, “दुर्बीण किती स्वच्छ होती.” लोणचेबुवा टोपी काढून म्हणाले, “पहाड वळायचा तेवढ्यात माणसाला विचार करायला वेळ मिळायचा. आता असं कुणी बनवत नाही.” आणि तिघं त्या आसनांपुढे ओळीने वाकली. हे सूर मी वडिलांच्या अंत्यविधीला ऐकले होते. आयुष्यभर त्यांना चिक्कू म्हणणारे शेजारी त्या दिवशी काळे कोट घालून आले आणि त्यांच्या काटकसरीचं कौतुक करून गेले. आपल्याकडे जिवंत वस्तूची कुणी इतकी स्तुती करत नाही. जिच्याशी भांडायचं उरलं आहे तिला माणूस नावं ठेवतो, हे मला या वयात कळलं, आणि तेही पाटी रंगवून झाल्यावर.

लोणचेबुवांच्या आसनावर घरून आणलेली एक विटकी उशी असे. ती बायकोच्या हातची आहे आणि बायको आता नाही, एवढंच ते कधीतरी माझ्याशी बोलले होते. त्या दिवशी त्यांनी आसन रुमालाने पुसलं, उशी काखेत घेतली आणि जाताना मला म्हणाले, “नीट सांभाळलंत हो यंत्र.” मी दुसऱ्याच सकाळी दलालाला नाही म्हणून कळवलं (टेलिफोन ठेवण्याआधी दोनदा क्षमाही मागितली) आणि पाटी उतरवून फेकली. कारकून आणि बाई आली, जागेवर पाटी नाही हे पाहिलं आणि काही न विचारता खेळायला बसली. लोणचेबुवा आले नाहीत. आजवर आले नाहीत. महिना उलटला.

आता ती दोघं काय करतात सांगतो. तिसऱ्या आसनात स्वतःच नाणं टाकतात, पहाड निवडतात आणि आसन रिकामं ठेवतात. पहाड मैदानात नुसता उभा राहतो. जो सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा त्याच्यापुढे ही दोघं उभी राहतात आणि मार खातात. प्रत्येक डाव हरतात. नंतर पेयांच्या यंत्रापाशी येतात, आणि मी कान लावून बसतो, पण ऐकायला काही नसतं.

ताईला आणि मुलांना माझा नमस्कार सांगा. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावत जा.

आपला
तेइजी

ता.क. – फेरीबोटीचा भोंगा वाजला की लोणचेबुवा डाव अर्धा टाकून उठायचे, आणि त्या वेळची बोट फक्त तुमच्या बेटावर जाते. बोटीतून उतरणारं प्रत्येक माणूस तुमच्या संत्र्यांच्या गोदामासमोरून जातं. हे सुचल्यावरच मी पत्र लिहायला बसलो; पाठीची चौकशी मनापासूनची आहे, पण ती नंतर सुचली. त्यांना एवढंच सांगायचं आहे की यंत्र जागेवर आहे.

ता.क. दुसरा – नाव माहीत नाही, चेहरा म्हणाल तर तुमच्या बेटावरच्या सगळ्याच म्हाताऱ्यांसारखा. म्हणून असं करा. धक्क्यावर उभं राहून कुणाशीही मोठ्याने बोला की मिहारा बंदरावरच्या खेळघरातला तो पहाड म्हणजे फार वेगवान, उत्कृष्ट यंत्र. जो म्हातारा जागीच थांबून तुम्हांला मूर्ख ठरवील तो आमचा. त्याच्याशी मनसोक्त भांडा आणि पुढच्या बोटीत बसवून द्या.

ता.क. तिसरा – पण कुणी थांबून ‘खरं आहे, फार छान होता’ असं म्हणाला, तर भांडू नका. त्यांना एकटं घरी जाऊ देऊ नका. ताईच्या हातचा चहा द्या, बसवून ठेवा आणि मला टेलिफोन करा. पुढची बोट पकडून मीच येतो.