काटा बरोबर होता

ता. ९, गुरुवार

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. पायांची सूज थोडी उतरली असं तुमच्या यजमानांनी कळवलं, वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला, नाहीतर रोज कुणीतरी धडपडत होतं.

तुम्ही दादांचा फोन उचलत नाही, ते मी समजू शकते. दुसऱ्या तपासणीतही त्यांच्या लिव्हरमधली चरबी तेवढीच निघाली, उलट कणभर जास्तच. डॉक्टरीणबाईंनी किती बजावलं होतं! दारूचा थेंब नको, गोड-तेलकट नको, आठ किलो वजन उतरवा, मगच तुमच्या लिव्हरचा तुकडा बहिणीला देता येईल. दोन महिने झाले, अर्धा किलोही उतरलं नाही. मग संशय येणारच ना?

मागे फोनवर म्हटलं तेच पुन्हा लिहिते. दर शनिवारी हे दुकान बंद करून शेजारच्या चष्मेवाल्याकडे जातात. पूर्वी त्यांचं 'बसणं' तिथेच व्हायचं, तुम्हाला ठाऊक आहे. परत येतात ते बडीशेप चावत. शर्टाच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या. ज्याला काही लपवायचं नाही, त्याला एवढा वास कशाला मारावा लागतो? मी पेला हुंगते, रुमाल हुंगते. परवा दुकानातला हत्यारांचा खण उपसला. स्क्रू, स्प्रिंगा, पितळी वजनं. बाटली नव्हती. पण म्हणून काय झालं? दुसरीकडे ठेवत असतील.

जेवणाचं म्हणाल तर पथ्याचं सगळं मी स्वतः करते, कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. तेव्हा तिकडे बोट दाखवायला जागाच नाही.

ता. ११, शनिवार

पत्र परवा अर्धवट राहिलं. खरं सांगायचं तर तो शेवटचा परिच्छेद लिहिला आणि पुढे लिहवेना.

आज दुपारी मी न सांगता चष्मेवाल्याकडे धडकले. ते भिंगं पुसत होते. समोर पाण्याचे दोन पेले. मी एक उचलून हुंगला, तसे ते हसले. "वहिनी, पाणीच आहे हो! दोन महिने हा माणूस माझ्याकडे येऊन पाणी पितो आणि भूक मारायला बडीशेप चावतो. माझीही बंद केली मेल्याने."

हे होते आपल्या दुकानात. घरचा वजनकाटा बाकावर उघडून बसले होते. लोकांचे काटे दुरुस्त करण्यात जन्म गेला, म्हणून त्यांना वाटलं, आपला काटाच अडकत असेल. दहा किलोचं वजन ठेवलं, मग वीसचं, मग दोन्ही एकदम. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबत होता.

"काटा बरोबर आहे गं," म्हणाले. "मी झोपेत उठून खातो की काय? बघितलंयस का कधी?"

मी बाकावरचे सुटे स्क्रू गोळा करू लागले.

"बहिणीला वाटतं मी पितो. वाटू दे. पण मला द्यायचंय गं तिला. माझंच शरीर माझं का ऐकत नाही?" आणि वन्सं, एवढा मोठा माणूस स्क्रू ड्रायव्हर हातात धरून रडला.

त्यांचं शरीर ऐकतच होतं. ऐकत नव्हते ती मी. सूपमध्ये लोणी मी घालत होते. भाज्या उकडल्या म्हणून सांगायचे आणि तेलात परतायचे. सकाळच्या फळांच्या रसात चार चमचे साखर. "यंदा फळं गोड निघाली," म्हणून ते कौतुकाने प्यायचे. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, लिव्हर फक्त दारूनेच बिघडतं असं नाही, साखर आणि चरबीही तेच करतात, फक्त तोंडाला वास येत नाही. तुम्ही तर कधी थेंबही घेतला नाहीत, तरी तुमची ही दशा. हे सगळं मी नीट ऐकलं होतं. म्हणूनच मला जमलं.

ते पीत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही सगळे त्यांचं तोंड हुंगत राहिलात, तर माझ्या पातेल्यात कोण डोकावणार होतं? आजही मी बाटली सापडावी म्हणूनच गेले होते. सापडली असती तर मी सुटले असते.

माझे वडील किरकोळ ऑपरेशनला म्हणून चालत गेले, ते परत आले नाहीत. मला भीती वाटली, वन्सं. ह्यांचं पोट चिरणार, ह्या विचाराने मी वेडी झाले. तुम्ही जाव्यात असं कधी मनात आलं नाही. हे राहावेत, एवढंच. पण हे राहणार ते तुमच्या जिवावर, हे मला दिसत होतं आणि मी भाजी परतत होते.

डॉक्टरीणबाईंनी शेवटची तपासणी सहा आठवड्यांनी ठेवलीय. अजून वेळ आहे. सोमवारी मी त्यांना सगळं सांगणार आहे. लोणी, साखर, तेलाचा डबा खालच्या शिंपीणबाईंकडे देऊन आले. उद्यापासून हे स्वतःचं स्वतः शिजवतील.

हे पाकीट मी चिकटवत नाही. पोस्टात टाकायला ह्यांच्याच हातात देईन आणि म्हणेन, आधी वाचा. पुढे मला ह्या घरात ठेवायचं की नाही, ते ठरवतील. तुम्ही मला क्षमा करू नका, पण त्यांचा फोन उचला.

तुमच्या दादांना तुमच्यापासून चोरून ठेवणारी,
वहिनी